शब्द बाईच्या आधी की नंतर

पोर्तालेग्र, गुरुवार

प्रिय लुदोविना मावशी,

तुला आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला नमस्कार. (आधी गुडघ्याला करायला हवा होता का, यावर मी बराच वेळ घालवला.) लामेगोतली थंडी ओसरली असेल आणि डॉक्टरांनी बंद केलेली पोर्ट वाइन तू चोरून घेत नसशील, अशी आशा करतो. दोन्ही आशा फोल असाव्यात.

माझं म्हणशील तर प्रकृती ठीक, अब्रू नाजूक. गेला पंधरवडा मी सातवीकडून अनिश्चित सर्वनामं घोटून घेतोय: कुणी, कुणीतरी, कुणीच नाही, काहीबाही. त्यांच्याच पंक्तीला बसतो तो आपल्या पोर्तुगीजमधला कार्टा शब्द, ‘सेर्ता’. बाईच्या आधी ठेवला की ‘कुणीशी एक बाई’, बाईनंतर ठेवला की ‘हवी तीच, योग्य बाई’. मुलांकडून याची चाळीस वाक्यं करून घेतली. त्याच दुपारी, अकरा वर्षांचं धैर्य गोळा करून, मी आमच्या शाळेच्या ग्रंथपाल ग्रासिएतला चिठ्ठी पाठवली. (ग्रासिएत म्हणजे तीच, जिच्यापायी मी कधीही न वाचणारी पुस्तकं घरी आणतो.) लिहायचं होतं, ‘अखेर मला योग्य बाई सापडली.’ पण हाताला वर्गाची सवय; शब्द पडला बाईच्या आधी. म्हणजे मी तिला कळवलं की अखेर मला कुणीशी एक बाई सापडली.

ती केक घेऊनच शिक्षकांच्या खोलीत आली. “लबाड! कोण हो ती?” सगळ्यांदेखत. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर तोंडात केक. व्यायामाचे सर ओरडले, “अहो, निदान गाव तरी सांगा!” मी म्हणालो, “लामेगो.” (हे खोटं झालं का? लामेगोत बायका आहेतच. विचार केला, खोटंच झालं.) मग प्रश्न वाढत गेले तशी ती बाईही वाढत गेली. संध्याकाळपर्यंत ती विधवा होती, मधमाशा पाळत होती आणि तिला मासा चालत नव्हता. ग्रासिएतनं शांतपणे मान डोलावली. “मग रविवारी दोघंही माझ्याकडे जेवायला या. कोकराचा रस्सा करते.”

तुझा,
अन्सेल्मो

ता.क. मूळ मुद्दा राहिलाच. तुझ्या शेजारच्या झुल्मिराबाई विधवा आहेत ना? रविवारी त्यांना इकडे पाठवशील? जेवण झालं की त्यांनी माझ्याशी भांडून कायमचं निघून जायचं, एवढंच काम. कारण कोणतंही चालेल. त्या नसतील तर बाईही कोणतीही चालेल. मधमाशा आणायची गरज नाही.

ता.क. २. कुणालाही पाठवू नकोस. ग्रासिएत आत्ताच येऊन गेली. “सातवीचं व्याकरण मलाही येतं, सर,” म्हणाली. “पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्ही त्या बाईला मधमाशा दिल्यात, तेव्हा म्हटलं, बघू तरी आणखी काय काय देताय. मला अकरा वर्षांत साधं पेन दिलं नाहीत!” आणि शिक्षा सुनावली: ते वाक्य दुरुस्त करून पाच वेळा. चार वेळा लिहून झालं. पाचवं रविवारी, जेवणाआधी, तोंडी, तिच्यासमोर उभं राहून म्हणायचं. जमणारच नाही असं नाही, मावशी; पण त्या वेळी शेजारी कुणीतरी बसलेलं हवं.

कुणीतरी म्हणजे तू. सकाळच्या पहिल्या बसनं ये.