रिकामा हललेला पाळणा

कोराबोग, नमनगान
४ एप्रिल २०१२

थोरल्या नणंदबाई मावजूदा-आपांस, ओयदिनचे अनेक सलाम. वि. वि.

त्या सकाळी मी गाईची धार काढली होती, तंदूर पेटवला होता आणि ओसरी झाडत होते. कोपर लागलं आणि माझ्या तान्ह्या दिलशोदचा पाळणा रिकामाच हलला. सासूबाईंनी पाहिलं. आता या घरात दुसरं मूल रांगणार नाही, म्हणाल्या. रांगलं नाही. बारा वर्षं गावात कारण एकच: ओयदिनने रिकामा पाळणा हलवला.

तुमच्या लेकीला मुलगा झाला, आनंद वाटला. तोच पाळणा तुम्ही मागितलात, पाठवते. पण आधी एक विचारायचं आहे. पोट दुखत होतं म्हणून शहरात दाखवलं. दिलशोदच्या वेळी पोट कापलं तेव्हाच माझ्या नळ्या बांधल्या आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ठाऊक नाही याचं त्यांनाच नवल वाटलं. घरी येऊन मी पुस्तकात त्या नळ्यांचं चित्र पाहिलं, दोनदा वाचलं.

दिलशोद झाला त्या दिवशी तिथे नर्स तुम्ही होतात, आपा. नंतर मूल व्हावं म्हणून ताईत आणून माझ्या गळ्यात बांधलात, तेही तुम्हीच. तुमच्या भावाने शेवटच्या दुखण्यात मला माफ केलं म्हणून सांगितलं. कशाची माफी? बायका बाळ माझ्या हातात देत नाहीत. दोरीवरचं धुणं वाऱ्याने हललं तरी मी अजून धावत जाऊन धरते.

उत्तर द्या. लोभाचं त्यानंतर पाहू.

ओयदिन

चिमकेंत
२० एप्रिल २०१२

प्रिय ओयदिन, अनेक आशीर्वाद.

हो, मला ठाऊक होतं. महिन्याला इतक्या बायकांच्या नळ्या बांधा, असा वरून हुकूम यायचा. महिनाअखेर होती आणि एक कमी पडत होती. कागदावर तुझी सही मी केली. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. पाळण्याचं निघालं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

तुला निदान मुलगा आहे. तुझ्या शेजारच्या होसियतला एक मुलगीच, आणि तिचंही असंच केलं. डॉक्टर तेच, खोली तीच.

हे पत्र वाचून तंदुरात टाक. लेकीच्या घरी राहते, जावई कडक आहे, या वयात मी कुठे जाऊ? जुनं उकरून तुझं तरी काय भलं होणार? नणंदेवरची माया तोडू नकोस.

मावजूदा

कोराबोग
१२ मे २०१२

मावजूदा-आपांस सलाम.

पत्र मिळालं त्या दिवशी ते घेऊन तंदुरापाशी गेले. नान भाजले, पत्र टाकलं नाही. ‘एक कमी पडत होती’ हे वाक्य माझं पाठ झालं आहे. ती एक मी, आपा. तुमच्या भावाची बायको.

मुलगा होत नाही म्हणून होसियतला कायमचं माहेरी धाडायचं ठरलं होतं. तिचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं मी रोज पाहत होते. गेल्या वर्षी मीच तिला म्हणाले होते, पाळणा जपून पुस, बाई, रिकामा हलू देऊ नकोस. ती लाज माझी. ती तुमच्या माथी मारत नाही.

पाळणा दुपट्यांसकट धुऊन बसच्या ड्रायव्हरकडे दिला आहे. बाळाला त्यात शांत झोप लागो. लोभ असावा असं लिहायची सवय आहे. आज हात वळत नाही.

पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी होसियतच्या सासरी गेले, तिला माझ्या शेजारी आणि तिच्या सासूला समोर बसवलं, आणि तुमचं पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं.

ओयदिन