ऐंशी मिलिमीटरची चाकं आणि एकशे शहाण्णव हा आकडा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, शाळेच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतून सहायक म्हणून निवृत्त, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता आणि जवळचा चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. त्यावर आमच्या ह्यांचं म्हणणं असं, की जी बाई सायकलची चाकं झोपायच्या खोलीत ठेवते आणि कपड्यांचं कपाट व्हरांड्यात, तिला दाखला देण्याआधी डॉक्टरांनी एकदा घरी येऊन जायला हवं होतं. ह्यांचं म्हणणं नोंदवलं आहे. मान्य केलेलं नाही.

मृत्युपत्र आत्ताच का, तेही सांगते. गेल्या महिन्यात पोहण्याच्या स्पर्धेनंतर माझ्या छातीत आवळल्यासारखं झालं आणि मला दवाखान्यात नेलं. दोन तास तारा लावून झोपवल्यावर डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. पोहायचा सूट एक माप मोठा घ्या." त्या दोन तासांत माणसाला नवरा आठवावा, देव आठवावा. मला एकशे शहाण्णव हा आकडा आठवत होता. तो काय आहे हे कलम सातमध्ये येईल. वकीलबाई म्हणाल्या की आधी घरदार लिहा, म्हणून आधी घरदार.

कलम १. राहतं घर माझ्या पश्चात ह्यांचं. बैठकीच्या भिंतीतले सायकल टांगायचे दोन हूक काढू नयेत. त्यांवर कुंड्या टांगायचा ह्यांचा बेत मला ठाऊक आहे, दोऱ्या आणून ठेवल्यात तेही ठाऊक आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही ह्यांचं. फारसं नसण्याचं कारण वर म्हटल्याप्रमाणे झोपायच्या खोलीत आहे.

कलम ३. माझी सगळी हत्यारं, म्हणजे पाने, चेन तोडायचं यंत्र, स्पोक आवळायची चावी आणि उभा पंप, माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला द्यावीत. तिने नऊ वर्षं माझ्या आणि तिच्या वडिलांच्या मध्ये बसून जेवण केलं आहे. "आत्या, बाबा विचारतायत मीठ देतेस का," आणि "बाबा, आत्या म्हणतीये हात लांब करा," एवढं बोलण्यातच तिचा भात गार व्हायचा. पोरीने कधी तोंड वाकडं केलं नाही. पंपाचा काटा दोन अंकांनी जास्त दाखवतो, हे तिने लक्षात ठेवावं.

कलम ४. माझा पोहण्याचा चष्मा तलावावरच्या प्रशिक्षकांना द्यावा. मी तो गळतो म्हणून तक्रार केली तेव्हा ते बारा जणांसमोर म्हणाले होते, "मावशी, चष्मा गळत नाहीये, तुम्ही पाण्यात हसताय." मी हसत नव्हते, श्वास घेत होते. चष्मा त्यांनी स्वतः घालून बघावा.

कलम ५. शोकसभा घेतलीच, तर प्रत्येकाने दोन मिनिटांत आवरावं. स्टॉपवॉच ह्यांच्याकडे असावं. ह्यांनी स्वतःही आवरावं.

कलम ६. आता चाकांकडे येते. ज्यांना आमचा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं आणि मध्येमध्ये ओल्या पायांवर मोजे चढवायचे. तिघांचा संघही करता येतो. आमचा होता. मी पोहायचे, माझा धाकटा भाऊ सायकल चालवायचा, हे पळायचे. भावाला आम्ही घरात काडी म्हणतो, कारण तो काडी आहे. वजन बावन्न किलो, तेही खिशात चाव्या असताना. धंद्याने तो चावीवाला, त्यामुळे खिशात चाव्या असतातच.

सायकलच्या दुकानदाराने आम्हाला दोन जोड दाखवले. रिम म्हणजे ज्यावर टायर बसतो ती कडी. ती आत स्पोककडे जितकी उतरते तितकी खोल. एक जोड पंचेचाळीस मिलिमीटर, उथळ. दुसरा ऐंशी, खोल, काळाभोर, आणि चालताना भरल्या पोटाच्या मांजरासारखा घुमणारा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, खोल रिम वारा कापते. चाळीस किलोमीटरमागे तेरा सेकंद." हे शेजारीच उभे होते. हे म्हणाले, "तुला मोजे घालायला चार मिनिटं लागतात." त्या दुकानदाराला मी त्याचं ते चकचकीत माहितीपत्रक परत करते. सोबत ह्यांनाही एक दिवस घेऊन जावं.

आणि दुकानदाराने शेवटी, पावती फाडता फाडता, हळूच एक वाक्य म्हटलं होतं, तेही इथे लिहिते. तो म्हणाला होता, "चालवणारे वजनाने हलके नाहीत ना? बाजूने वारा आला तर खोल रिम शिडासारखी वागते." मी म्हटलं, नाहीत. काडी तेव्हा बाहेर सायकलला कुलूप लावत होता.

कलम ७. कबुली. खोल जोड मी घेऊन बसले होते आणि काडी अडून बसला होता. त्याचं म्हणणं, उथळच बरी. म्हणून मी म्हटलं, आपण मोजू. एकोणतीस वर्षं मी मुलांना मोजायला शिकवत आले. उथळ जोड दुकानदाराकडून एका दिवसासाठी मागून आणला. सुट्टी होती, शाळेचा तळमजल्याचा लांब बोळ मोकळा होता. सभागृहातला मोठा उभा पंखा आणला. सामान वाहायच्या चाकांच्या फळीवर सायकल बांधली, सायकलवर काडीला वाकवून बसवलं, फळी मागे ढकलली जाऊ नये म्हणून पुढे दोरी, आणि दोरीला प्रयोगशाळेतला ताणकाटा. पंखा लावला की वारा काडीला मागे रेटणार, काटा ताणला जाणार, जिथे आकडा कमी ती चाकं चांगली. इतका नेटका प्रयोग मी नोकरीत केला नव्हता. बाहेरच्या वाऱ्याने आकडे बिघडू नयेत म्हणून मी बोळाची सगळी दारं-खिडक्या बंद केल्या आणि फटींना जुन्या उत्तरपत्रिका चिकटवल्या.

म्हणजे वाऱ्यासाठी घेतलेल्या चाकांची परीक्षा मी वारा बाहेर ठेवून घेतली. बाजूने वारा आला तर काय, हा प्रश्न त्या बोळात येऊच शकत नव्हता. हे मला आज कळतं असं नाही. तेव्हाच, तिसऱ्या खिडकीला चिकटपट्टी लावताना, क्षणभर कळलं होतं. पण चिकटपट्टी हातात होती, ती लावून टाकली.

उथळ चाकांचा आकडा आला दोनशे बारा ग्रॅम. खोल चाकांचा आला दोनशे बारा ग्रॅम. मी वहीत लिहिलं: उथळ दोनशे बारा, खोल एकशे शहाण्णव.

"जे दिसेल तेच लिहा," हे वाक्य प्रयोगशाळेच्या फळ्यावर माझ्या अक्षरात होतं. मुलांनी एक अंक इकडचा तिकडे केला तर मी त्यांना पानं पुन्हा लिहायला लावायचे. माझं पान मात्र कोणी तपासलं नाही. ती वही पलंगाखालच्या पेटीत आहे. तीही काडीला द्यावी.

स्पर्धेच्या दिवशी मी पोहून आले, काडीच्या घोट्याला संघाचा वेळ मोजायचा पट्टा बांधला आणि टॉवेल गुंडाळून तलावाच्या बांधावर पळत गेले, त्याला जाताना बघायला. चाकं घुमत होती. फार छान घुमत होती. बांधाच्या वळणावर पाण्याकडून वारा आला आणि काडी सायकलसकट उचलला गेला. रस्त्याच्या कडेला रोपवाटिका होती. तो शेवंतीच्या तीन रांगा ओलांडून चौथीत पडला. मी धावत गेले, पुढचं चाक उचललं, फिरवून पाहिलं. चाक अगदी सरळ होतं, केसभरही डुगडुगत नव्हतं. मग काडीला म्हटलं, "तोल सांभाळता येत नाही का रे तुला?" त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. आमचे हे तिकडे पळायचे बूट घालून पाऊण तास एका जागी उड्या मारत उभे होते, आणि अजून ते बोलून दाखवतात.

काडीने सायकल विकली. नऊ वर्षं तो दुकानात चालत जातो, चालत येतो. जो येईल त्याला सांगतो, "मला तोल जमत नाही." ते वाक्य त्याचं नाही, माझं आहे. त्याने माझ्याशी बोलणं टाकलं ते त्या आकड्यामुळे, असं मी धरून चालले आहे. कुठून तरी त्याला कळलं असणार. त्याच्या तोंडावर हे सांगायचं माझं धाडस झालं नाही, म्हणून मेल्यावर सांगते आहे. काडी, तुझा तोल उत्तम होता. मी खोटा आकडा लिहिला. माझं चुकलं.

कलम ८. ती खोल रिमची चाकं माझ्या पश्चात काडीला द्यावीत. त्याने ती चालवावीत, विकावीत किंवा त्यांत शेवंती लावावी. वकीलबाईंनी मला दोनदा बजावलं आहे की ज्याला वस्तू मिळायची आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही, केली तर त्याच्या नावचं कलम वाया जातं. म्हणून साक्षीला वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई आणि त्यांचे यजमान यांना सांगितलं आहे.

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार क्रमांक एक: वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई. समक्ष सही केली. सही वाचता येत नाही, पण ती त्यांचीच आहे.

साक्षीदार क्रमांक दोन: इथे थोडं लिहावं लागत आहे. दंतवैद्य बाईंचे यजमान सकाळी न्हाणीघरात गेले आणि कडी अडकली. तासाभराने चावीवाल्याला बोलावलं. या भागात चावीवाला एकच आहे. यजमान सुटले, पण रागावून झोपून राहिले. तेव्हा बाई जिना उतरताना चावीवाल्यालाच बरोबर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस मोकळाच आहे, ह्याची सही चालेल का?" वकीलबाई म्हणाल्या, "चालणार नाही, हे तर कलम आठ आहेत." काडी माझ्याकडे न बघता म्हणाला, "कसलं कलम?" आणि खुर्ची ओढून बसला. साक्षीदाराने नुसती सही बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो, असं मी भाचीला उद्देशून दोनदा सांगितलं. भाची घरात नव्हती. त्याने सगळं वाचलं. खालचा मजकूर त्याच्या अक्षरात आहे:

"ताई, ताणकाटा माझ्या नाकासमोर होता. दोनशे बारा मीही वाचलं होतं. गप्प बसलो, कारण ती चाकं घुमायची आणि मलाही तीच हवी होती. उथळ पाहिजे म्हणत होतो ते तू खोल म्हणत होतीस म्हणून. आकड्याचा राग मला कधीच नव्हता. मी शेवंतीत पडलो होतो आणि तू आधी चाक फिरवून पाहिलंस. वकीलबाई म्हणतात मी इथे सही केली तर चाकं मिळणार नाहीत. बरं झालं. मेलेल्या माणसाची चाकं घेऊन मी काय करू? रविवारी सकाळी मला एक सायकल दे आणि तू पण ये. पुढचं चाक उथळ लाव."

साक्षीदार क्रमांक दोन: चावीवाला, म्हणजे धाकटा भाऊ. समक्ष सही केली. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

पुरवणी. कलम आठ या सहीने वाया गेलं आहे, ते तसंच राहू द्यावं. सही झाल्यावर मी काडीला विचारलं, "खांदा कसा आहे?" तो म्हणाला, "थंडीत दुखतो." नऊ वर्षांत ही गोष्ट मला माहीत नव्हती, कारण मी विचारलीच नव्हती. मग जेवताना त्याने मलाच मीठ मागितलं, आणि ते मी त्याला दिलं.

स्थळ: आमचं जेवणाचं टेबल.
तारीख: शुक्रवार. रविवारला दोन दिवस आहेत, आणि उथळ चाक अजून दुकानदाराकडून आणायचं आहे.