अब्बा एवढेच असतात

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ११.
काल शारजाहून मुरुडला पोचलो. अडीच वर्षांनी. सुट्टी चार आठवडे, रिटर्न तिकीट १० मे. स्वागत झकास. अम्मी रडली, बायकोने, म्हणजे अतियाने, कोळंबीची बिर्याणी केली. आमची इनशा, वय चार, मात्र अतियाच्या ओढणीमागे गेली ती गेलीच. मला 'अंकल' म्हणाली. रोज व्हिडिओ कॉलवर अब्बा-अब्बा करणारी पोरगी! प्रवासाचा शीण असणार. म्हणजे प्रवास मी केला, पण मुलं सेन्सिटिव्ह असतात.

१३ एप्रिल
अंकल. दिवसभरात सहा वेळा. शेवटी विचारलं, मग अब्बा कुठायत? तिने अतियाचा फोन दाखवला आणि दोन बोटांत माप धरून सांगितलं, अब्बा एवढेच असतात. सगळे हसले. मीही हसलो. मग मागच्या वाडीत जाऊन उगाच नारळ बघत उभा राहिलो.

१४ एप्रिल
मेव्हणा तबरेज रिक्षा चालवतो, पण कॉलेजचं एक वर्ष केलंय. त्याचं मानसशास्त्राचं पुस्तक आणलं. करकरीत आहे, पठ्ठ्याने उघडलेलंच नाही. संकल्प: रोज एक धडा. १० मेच्या आत इनशा माझ्या मांडीवर बसून 'अब्बा' म्हणाली पाहिजे. गोदामात नऊ हजार आयटम सांभाळणारा स्टोअरकीपर आहे मी. हा तर एकच पीस. धडा पहिला उघडला. झोप लागली. उकाडा फार.

१६ एप्रिल
धडा एक आणि दोन म्हणजे नुसती प्रस्तावना. सोडले. धडा तीन: लहान मुलांना उंच ग्लासातलं जास्त वाटतं, बुटक्यातलं कमी, मुळात सारखं असलं तरी. कोकम सरबत सारखं ओतलं. सांग, कुठलं जास्त? तिने उंच ग्लास प्यायला, मग बुटका प्यायला, दोन्ही उपडे करून म्हणाली, आता सारखं. पुस्तकात हे उत्तर नाही. शेरा: मुलगी आगाऊ आहे. अतियाकडून आलंय.

१९ एप्रिल
वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे बाळाला वर्षाच्या आत कळतं म्हणे. तिची बाहुली लपवली. तिने शोधली नाही, सरळ भोकाड पसरलं. काढून द्यायला गेलो तर कुठे ठेवली तेच आठवेना. स्टोअरकीपर, पण इथे लेबल लावलेलं नव्हतं. संध्याकाळी अम्मीला तांदळाच्या डब्यात सापडली.
नंतर विचार केला. इनशाचं उलटंच आहे. अब्बा नजरेसमोर आहेत, तरी नाहीत. या केसवर धडा नाही.

२२ एप्रिल
व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण. अम्मीला समजावलं, माणसाच्या मनात तीन भाग असतात, सगळ्यात खाली इद. अम्मी म्हणाली, ईद तर गेल्या महिन्यात झाली, तू आलासच न्हाय. म्हटलं, ही ती नव्हे, ही मनातली. हट्ट करते, आत्ताच हवं म्हणते. अम्मी म्हणाली, मग ती पोरीच्या न्हाय, तुझ्याच मनात हाय.
जुन्या माणसांना शास्त्र कळत नाही.

२६ एप्रिल
संयमाची टेस्ट. समोर एक खजूर ठेवायचा. पंधरा मिनिटं खाल्ला नाही तर आणखी एक मिळणार. इनशा हाताची घडी घालून बसली. दहाव्या मिनिटाला खजूर मी खाल्ला. परीक्षकावर प्रेशर असतं, ते पुस्तकवाल्यांना काय कळणार? इनशाने आत अतियाकडे जाऊन ओरडून सांगितलं, अम्मी, अंकलने खाल्ला!

२ मे
आनंदाची बातमी. धडा सात: अनोळखी माणसाला बघून मूल आईला बिलगतं, ते निरोगी नात्याचं लक्षण. म्हणजे इनशा एकदम नॉर्मल! अतियाला वाचून दाखवलं. वाचता वाचता लक्षात आलं, यातला अनोळखी माणूस मी.
धडा तिथेच थांबवला.

६ मे
चार दिवस उरले. थिअरी बास. बक्षिसाची पद्धत वापरली. हातात लॉलीपॉप धरला, म्हटलं, अब्बा म्हण, मग देतो. नाही म्हणाली. मी आवाज चढवला. ती मला चावली. अतिया भडकली. पोरगी आहे ती, तुमच्या गोदामातला माल नाही, काय सारखं तपासता आणि वहीत टिक मारता?
दात मात्र चांगले आलेत. वरचे चार, खालचे चार. खूण अजून आहे.

८ मे. दुपारी ४.
शेवटचा प्रयोग. पुस्तकातला नाही. वाडीत गेलो, शारजाहून कॉल करताना असते ती कंपनीची निळी टोपी घातली, भिंतीला टेकून अतियाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला.
अब्बाऽऽ! अशी किंचाळली की घरातून फोनशिवायच ऐकू आली. वीस मिनिटं बोलली. मांजर, बाहुली, सगळं. मग आवाज बारीक करून म्हणाली, आपल्याकडे एक अंकल आलाय. सारखी परीक्षा घेतो. वहीत माझं नाव लिहितो. माझा खजूर खाल्ला. कधी जाणार तो?
म्हटलं, परवा.
खूश झाली. म्हणाली, तो गेला की तुम्ही या.
टोपी जरा खाली ओढली. उन्हामुळे. म्हटलं, त्याला काही निरोप देऊ? म्हणाली, वही बंद करायला सांगा. प्रॉमिस केलं.

९ मे. सकाळी.
बॅग भरली. पुस्तक तबरेजला परत. एक धडा राहिला, राहू दे.
आत्ता इनशा समोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात. म्हणाली, माझ्या अब्बांचा फोन आला होता, वही बंद करायला सांगितलंय. म्हटलं, बरं बाई. अब्बांचं ऐकलंच पाहिजे. एवढी ओळ संपली की बंद.
ती गेली नाही. खरंच बंद करतो की नाही बघायला शेजारी बसलीय, कोपर माझ्या गुडघ्यावर टेकून. इतक्या जवळ पहिल्यांदाच आलीय. म्हणून जरा हळूहळू लिहितोय.