शबानाची भीती

मंगळवार, संध्याकाळ

गणित शिकवणं सोडून शाळेत समुपदेशक झाले, त्याला महिना होत आला. मुलं माझ्या खोलीला 'वेड्यांची खोली' म्हणतात, त्यामुळं कुणी फिरकेना. आज मात्र वसतिगृहात राहणारी, कबड्डीची कॅप्टन शबाना मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत आत आली.

"मॅडम, लई भीती वाटती. उद्या अम्मी सिल्लोडहून मॅच बघायला येणार. हरले तर शाळा सोडवून घरी नेईल."

उपदेश अगदी ओठांवर आला होता. गिळला.

"तिला विचारलंस का?"

"नाय."

मी फोन लावून दिला. शबानानं विचारताच पलीकडं अम्मी मोठ्यानं हसली. "दीवानी, मैं मॅच देखने नै, तेरेकू देखने आरी."

शबाना रडता रडता हसायला लागली. मी तर नुसता फोन लावून दिला. हेच का माझं काम? बहुतेक हेच.