पाव किलो साखर

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५. सकाळी ६.५०.

किसनबाबांना डाव्या कुशीवर वळवत होतो. कमरेच्या खाली नवीन जखम — रुपयाएवढी. काल नव्हती! म्हणजे रात्री कोणी वळवलं नाही. भागीरथीमावशींचा डोळा लागला असणार. बाबांच्या बायकोला मी काय बोलणार? बोलणारा मी कोण?

आज नव्वदावा दिवस. ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.१०, सोनिवलीचा रस्ता. उल्हासनगरहून स्कूटरवर जीन्सचे गठ्ठे आणत होतो. वेग ४५. पोलिसांनाही तोच सांगितला, एक किलोमीटर कमी नाही. एक सेकंद मागच्या गठ्ठ्याकडे बघितलं — समोर बघतो तर बाबा. मान मोडली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. गळ्याला भोक पाडून नळी घातलीय, आवाज नाही.

पळालो नाही. स्वतः उचलून रिक्षात घातलं. एवढं एकच बरं केलं मी.

रविवार, ९ फेब्रुवारी.

विहारात वंदना. भन्ते करुणेवर बोलले. दुसऱ्याचं दुःख बघून मन हललं की ती करुणा. माझं मन रोज हलतं. त्याने बाबांचं काही हलत नाही.

आई म्हणाली, "सम्या, ती बाई देवमाणूस. केस नको म्हणाली. दुसरं कोणी असतं तर तू आत असतास."

मावशींना हे सांगितलं. त्या भांडी घासत होत्या, वर बघितलंही नाही. "दया-बिया काय नाय र पोरा. तू आत बसलास तं यांना उचलू लागंल कोन? मना एकटीला नाय उचलत."

म्हणजे मी सुटलेलो नाही. तुरुंगात सुटायची तारीख तरी लिहिलेली असते.

बांगड्या मोडून त्यांनी दवाखान्यात ८६,००० भरले. कोणी मागितले नाहीत, पण मी महिन्याला ४,००० देतो. या महिन्याचे धरून बाकी ७४,०००.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

आज बाबांनी डोळे उघडलेच नाहीत. झोपलेले नव्हते — पापण्या हलत होत्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

संध्याकाळीही गेलो. मावशी तुळशीपाशी दिवा लावत होत्या. "देवानं दया केली, जीव ठेवला." बाबांनी हे ऐकलं आणि डोळे घट्ट मिटले.

भिंतीवर महेशचा फोटो, त्यांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. मावशी म्हणाल्या, "तवापासून हे रोज सांजचे रस्त्याला जाऊन उभे रहायचे. मी बोलायची, आता कोनाची वाट बघता?"

त्या उभ्या माणसाला मी आडवा केला.

रविवार, १६ फेब्रुवारी.

जीन्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर सगळी अक्षरं काढली. काना, मात्रा, वेलांट्या खाली वेगळ्या. तीनदा तपासली. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन कधी चुकलं नाही माझं! मी एकेक अक्षर बाबांच्या बोटाखाली सरकवायचं, हवं ते आलं की त्यांनी बोट दाबायचं. बाबा चौथी शिकलेले. मावशींना अक्षर येत नाही.

पहिल्या शब्दाला वीस मिनिटं लागली. पाणी!

चमच्याने पाजलं. मावशी दारात येऊन रडायला लागल्या. "बोलला! माजा म्हातारा बोलला!" शेजारणीला हाका मारून सांगितलं.

तीन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं — थोडं तरी फिटेल.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. सकाळी ७.२०.

आज चाळीस मिनिटं बाबांचं बोट थांबेना. अक्षरं जुळली ती अशी: "मीच आडवा आलो. मुद्दाम."

मी वाचून दाखवलं, हळू आवाजात. त्यांनी डोळे मिटून हो म्हटलं. मग बोटाने आणखी दोन शब्द: "का उचललंस?"

मावशींनी आतून विचारलं, "काय बोलतान र?"

चौथं शील — खोटं बोलायचं नाही. पोलिसांसमोरसुद्धा मोडलं नव्हतं.

म्हणालो, "चहात साखर कमी आहे म्हणतात."

मावशी हसल्या. त्यांना हसताना मी कधी बघितलं नव्हतं. "मरनाच्या दारातून आला तरी साखर सुटत नाय म्हाताऱ्याची! डबा रिकामा झालाय, जा, घेऊन ये."

गेलो.

खर्च: रिक्षा ४०. डायपरचं पाकीट ३८०. साखर पाव किलो १२. एकूण ४३२.

देणं: मावशींचे ७४,०००.