वर न चढलेला तीन

१३ सप्टेंबर, शनिवार
ह्यांचा ताप उतरेना. नालवाडीत घरोघरी डेंग्यू. तपासणीला रक्त देऊन आलो. रिपोर्ट म्हणे मोबाइलवरच येईल. प्रगती!

१४ सप्टेंबर, रविवार
रिपोर्ट आला. प्लेटलेट्स — 210 x 103. बारावीतल्या आमच्या आचलने तिथल्या तिथे गुणाकार केला. एकवीस हजार सहाशे तीस! हव्यात किमान दीड लाख. लॅब बंद, डॉक्टरांचा फोन बंद. रविवार ना!

शेजारच्या देवकाबाई पपईच्या पानांचा रस घेऊन हजर. "प्या जी! जीव मोठा का चव मोठी?" हे प्यायले. ओकले. पुन्हा प्यायले.

रक्त लागलं तर? ह्यांचा गट जुळतो तो पुलगावच्या मोतीलाल भाऊजींशी, थोरल्या भावाशी. पण सहा वर्षं अबोला! नणंदेच्या लग्नपत्रिकेत भाऊजींचं नाव तळाला, बारीक अक्षरात छापलं गेलं, एवढ्यावरून. ह्यांना न विचारता फोन लावला. भाऊजींना सगळं सांगितलं. मग — "काऊन आधी नाई सांगतलं? निघालोच."

संध्याकाळच्या गाडीने आले. थेट उशाशी बसले. "मी आहो ना. लागन तेवढं रक्त काढा माह्यं." हे भिंतीकडे तोंड करून रडले. मी चहा टाकला.

१५ सप्टेंबर, सोमवार
डॉक्टर रिपोर्ट बघून हसले. हसले! "ताई, तो तीन दहाच्या डोक्यावर हवा, बारीक. दहाचा तिसरा घात, म्हणजे हजार. मोबाइलवर तो खाली घसरला." म्हणजे दोन लाख दहा हजार. साधा ताप!

लॅबमध्ये जाऊन भांडले. काउंटरवरचा रत्नदीप शांतपणे म्हणतो, "मॅडम, कागदावर बरोबर आहे. ऑनलाइनमध्ये तो वर चढतच नाई." आमचे जीव मात्र टांगणीला चढले! आचल दिवसभर गणिताची वही घेऊन बसली.

भाऊजी परत जायला तयार नाहीत. "रक्त द्याले आलतो, तसाच जाऊ? लोक हासतीन." गेले रक्तपेढीत — आणि तिथल्या बाईंनी परत पाठवलं. "काका, तुमच्याच अंगात रक्त नाही!" ऐट उतरली. पुढच्या तपासण्या सांगितल्यात.

१७ सप्टेंबर
दोघे भाऊ एका ताटात जेवले. भाऊजींनी अर्धी भाकरी ठेवली. "थकवा हाय, वयाचा."

२० सप्टेंबर
भाऊजींना नागपूरला भरती केलं. रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, आशा आहे. हे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून आहेत. घरी चला म्हटलं, तर हलत नाहीत.