उडी आणि गळती

४ फेब्रुवारी

पुन्हा झालं! ना शिंक, ना खोकला — नुसती एक उडी. मुलींना ब्लॉक दाखवायला जाळ्यापाशी उडी मारली आणि पाय टेकताक्षणी कळलं. थोडीशीच लघवी सुटली. पण सत्तेचाळीस वर्षांची बाई, बावीस वर्षं व्हॉलीबॉल शिकवतेय, आणि स्वतःच्याच हॉलमध्ये शिट्टी तोंडात धरून भिंतीला पाठ लावून उभी! ट्रॅकपँट काळी होती म्हणून अब्रू वाचली.

घार मात्र आज काय खेळली! हे नाव मीच ठेवलंय. जाळ्यावर अशी तरंगते, की चेंडूच तिची वाट बघत थांबलाय असं वाटतं. एकोणीस वर्षांची आहे. माझा नियम — सरावाचे दोन तास कोर्ट सोडायचं नाही. फोन नाही, बाथरूम नाही. बाकीच्या अकरा जणी तोंडं वाकडी करतात. हिने तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा उघडत नाही. पोलादी पोरगी! एप्रिलमधला चषक हिच्याच जिवावर आहे.

११ फेब्रुवारी

ताईला फोनवर सांगून टाकलं. म्हणाली, "अगं, बाळंतपणं झाली की व्हायचंच. मी तर धाकट्यानंतर उड्या सोडल्याच." म्हटलं, "ताई, मला मूल नाही. माझं काय?"

ताई म्हणाली, "वय असेल गं."

१९ फेब्रुवारी

शेवटी फिजिओबाईंकडे गेले. काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय दुखतंय?" माझ्या तोंडून निघालं — गुडघा! आत बाईंनी दहा मिनिटं माझा गुडघा वाकवून, दाबून, फिरवून बघितला. मीही मुकाट्याने बघू दिला. शेवटी म्हणाल्या, "गुडघा झकास आहे तुमचा. आता खरं काय ते सांगा."

काय बाई आहे! एवढीशी चण, पण भाजीचा भाव विचारावा तसं सगळं विचारलं. किती वेळा, किती, कशाने. मला लाजायला सवडच दिली नाही. मग समजावलं — ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, मूत्राशय आणि गर्भाशय तिच्या आधाराने राहतात. दर उडीला तिच्यावर भार येतो. बाळंतपण झालेलं असो वा नसो. "दंड कमावलेत, मांड्या कमावल्यात. हिच्याकडे कधी बघितलंत?"

मी ऐटीत सांगितलं, लघवी मधेच थांबवण्याचा व्यायाम रोज करते, कुठेतरी वाचला होता. "आजपासून बंद!" त्यांनी तपासलं तर माझी झोळी सैल नव्हतीच, उलट दिवसभर आवळलेली. "मूठ सतत आवळून ठेवलीत तर चेंडू झेलणार कशा? आधी सोडायला शिका."

बावीस वर्षं मी मुलींवर ओरडतेय — पोट आत! श्वास धरा!

२ मार्च

रोज सकाळी उताणं पडून, गुडघे दुमडून. श्वास आत — सोड. श्वास बाहेर — हलकेच वर उचल. दिसायला काहीच नाही, घाम मात्र फुटतो. आज नवरा चहा घेऊन उभा होता. "भुवया कशाला उचलतेस?"

काहीतरी उचललं जातंय म्हणायचं!

१४ मार्च

घार टीम सोडतेय. सकाळी मेसेज — "मॅडम, अभ्यासाचं बघायचंय." संध्याकाळी जर्सी परत द्यायला आली. मी धुमसत होतेच. जर्सी काढताना तिच्या पिशवीतून पॅडचं पुडकं पडलं. मी उचलून दिलं. म्हटलं, "पाळी आहे का? मग चार दिवस घरी बस, टीम कशाला सोडतेस?"

"पाळी नाहीये, मॅडम."

एवढंच बोलली. मान खाली घालून गेली. मी जर्सी हातात धरून बाकावर बसले. एकोणीस वर्षांची पोर! म्हणून पाणी नाही. म्हणून बाटली बंद. मी तीन वर्षं जिचं कौतुक केलं, ती तिची तहान होती. आणि नियम कुणाचा? माझा! स्वतः मी मात्र सरावाआधी दोनदा जाऊन येत होते. लाज वाटली. फार लाज वाटली.

१५ मार्च

फळ्यावर लिहिलं — बाथरूमला जायला विचारायचं नाही. दोन तासांत एकही गेली नाही.

१७ मार्च

घारीला निरोप धाडला होता — खेळू नकोस, नुसती येऊन बस. आली. दाराजवळच्या बाकावर टेकली, पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नाही.

बाराही जणींसमोर बोलले. "उडी मारली की माझी लघवी सुटते. सहा वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही." कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. कान तापले होते, तरी रेटलं. गुडघ्याची थाप सांगितली, झोळीचं सांगितलं, हे बरं होतं आणि माझं कमी झालंय हेही सांगितलं. माझा नियम चुकीचा होता, हेही. मग विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

एक जण बुटाची नाडी पुन्हा बांधत बसली. घार उठली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

१८ मार्च

उगाच बोलले. होती नव्हती ती आशाही घालवली.

२१ मार्च

घार आली. जर्सीचं नाव काढलं नाही, हातात घडी घातलेला कागद दिला. "मॅडम, तीन दिवस सगळ्यांच्या घरी जाऊन आले. एकेकीला एकटीला गाठून विचारलं." बारापैकी आठ नावं. सगळ्यात वर तिचं स्वतःचं.

"फिजिओबाई एका वेळी किती जणींना घेतात?"

मी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली नववं नाव लिहिलं.